गाडीत उगवलेली पऱ्हाटी

प्रिय गीताचे बाबा,

हे 'प्रिय' मले गीतांजलीनं लिवाले लावलं. पोट्टी फोनवर म्हणे, आई, पत्र तसंच सुरू करा लागते, मंग आत काही का असेना. आत काय आहे ते तुमाले समजनच. मी चौथीपर्यंत शाळेत गेली, त्यातही अर्धे दिवस आईच्या मागं मोगरा तोडाले, त्याच्यानं माझ्या लिवण्यातल्या चुका काढत बसू नका. चुका तुमी तुमच्या गाडीत ढीगभर ठेवून गेले, त्या मी काढून राहिली.

पत्र काहून, तर फोनवर तुमी दोनच शब्द बोलता, 'हूं' अन् 'पाहू'. मंग फोन माझ्या जावेच्या, रागिणीच्या हातात देता. रागिणी तो स्पीकरवर टाकते, अन् साऱ्या डाबकी रोडले समजते का माझ्या घरी आज कायची भाजी झाली. मागून किशोरभाऊजी म्हणतात, वहिनी, दादाले उलीसा आराम करू द्या. कायचा आराम? पोळा झाला तसा माणूस पिशवी उचलून अकोल्याले जाते, चार दिवस भावाकडे राहून येतो म्हणते, अन् दिवाळीही भावाच्याच घरची खाते, याले आराम म्हणत नाहीत. याले घर सोडणं म्हणतात. दसऱ्याचा झेंडू मी अन् शेजारच्या पार्बताबाईनं तोडला. गोपालच्या टेम्पोत टाकून मीच इतवारा बाजारात नेला. तिथं ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, भगवंतभाऊ कुठी आहेत? आता शेवंती आली आहे. शेवंतीले माहीत नाही का मालक रुसला आहे, ती आपली फुलून राहिली.

तुमाले वाटत असन, गाडी अजून सीताफळाखाली तशीच उभी आहे, भिंतीत भिजलेला कापूस घेऊन. नाही. मी तिले हात घातला. हाव, मीच. तुमचं ड्रिल मशीन मी चालवलं, तुमचा करवत मी चालवला, अन् तुमच्या सिलिकॉनच्या बंदुकीनं माझे हात असे चिकटले का दोन दिवस भाकरी थापता आली नाही. पण आज गाडीत पाण्याचा थेंब येत नाही. पाइप लावून, वरून खालून मारून पाहिलं. तुमच्या हातची असतानी तिच्यात धुकंही गळत होतं.

मले राग गाडीचा नव्हता, हे पहिले लिवून ठेवते, कारण तुमी सगळ्यांले सांगत असान का बायकोले गाडी नको होती. शाळेनं नव्या गाड्या घेतल्या अन् ही पिवळी भंगारात काढली, ती तुमी माघ महिन्यात अंगणात आणून लावली. मागं लिवलं होतं, 'लहान मुले आहेत, सावकाश'. मले म्हटलं, ललिता, हे आपलं फिरतं घर. मी म्हटलं, जे घर उभं आहे त्याची मोरी तुंबून वरीस झालं, पहिले ते पाहा. तेव्हा तुमी जे म्हटलं ते मले अजून पाठ आहे. तुमी म्हटलं, "सारी उमर पहाटे फुलं घेऊन अमरावतीले गेलो अन् ऊन तापाच्या आत घरी आलो. फुलं थांबू देत नाहीत. मले एकदा रस्त्यात थांबाचं आहे." त्याच्यावर मी काही बोलली नाही. मी बोलली नाही म्हणजे हाव म्हटलं, हे तुमाले लग्नापासून माहीत आहे.

पण हाव म्हटलं म्हणजे काहीही करा असं नव्हतं. गीतांजलीनं नागपुरातून मोबाइलवर त्या केस पिकलेल्या नवराबायकोचा व्हिडिओ पाठवला, गाडीतच सैपाक, गाडीतच झोप, अन् तुमाले वाटलं आपणही इंजिनेर. पहिलं काम काय केलं, तर फवारणीचा पाठीवरचा पंप धुतला अन् ओट्याखाली बसवून त्याले नळ जोडला. म्हणे दांडा हालवला का पाणी, मोटर नको, बॅटरी नको. ज्या पंपानं आपण शेवंतीवर माव्याचं औषध मारलं त्याच पंपाच्या पाण्याचा तुमी मले चहा पाजणार होते, अन् वरून विचारत होते, वास येते का? माणूस मरून गेल्यावर वास येते का म्हणून विचारता का? तो पंप मी परत वावरात नेऊन ठेवला. आता वरच्या फळीवर जार आहे अन् खाली तोटी. पाणी वरून खाली येते, त्याच्यासाठी दिमाग लागत नाही.

मंग पेटीपलंग. त्याचं झाकण उघडलं का आपोआप खाली पडे. माझ्या डोक्याले टेंगूळ आलं तेव्हा तुमी म्हटलं, वाकून काम करत जा. मी त्याले दोन्हीकडून साखळी लावली. शेगडीच्या वर तुमी पडदा टांगला होता, तोही नायलॉनचा, म्हणजे फोडणी दिली का आपण दोघंही फोडणीत. तो काढून मी शेडनेटची हिरवी जाळी लावली, तीही खिडकीले, शेगडीले नाही. संत्र्याच्या पेट्यांचे खण मात्र चांगले केले होते. चांगलं ते चांगलं म्हणते मी. त्याच्यात डबे नीट बसतात, उतारावर हालत नाहीत. अन् हॉर्न दाबला का आतला दिवा लागे, तो काय प्रकार होता ते मले अजून समजलं नाही. अमोल मंडपवाल्याले बोलावलं, तो खुर्चीवर बसून कोणती वायर कुठी ते सांगे अन् मी सोडवे. तो हसत होता. मी म्हटलं, हसू नको, तुझ्या मंडपात नवरदेवाले शॉक लागला होता ते मी इसरली नाही.

आता कापूस. याच्यावर मी तुमाले माफ करणार नाही. चैत्रात गाडीचा पत्रा असा तापे का वरती पापड भाजावा. लोकं पत्र्याच्या आतून थर्माकोल लावतात, कोणी गादीचा फोम लावते. तुमी देवमनच्या वावरातून फरदडीचा कापूस पोत्यानं आणला. शेवटच्या वेचणीचा, किडका, व्यापारी हात लावत नाही असा. तुमी म्हटलं, रजईत थंडी येत नाही, मंग कापसाच्या भिंतीत ऊन कसं येईन? इथपर्यंत ठीक होतं, वऱ्हाडातल्या माणसाच्या डोक्यात कापूसच येणार. पण मी त्या दिवशी ओसरीत बसून सांगतलं, पिंजून घ्या, सरकी काढा, सरकीसकट भरू नका. तुमी म्हटलं, भिंतीत कोण पाहाले जाते? अन् सरकीसकट कोंबला. वरून प्लाय ठोकलं, त्याच्यावर निळा रंग दिला, अन् साऱ्या गावाले दाखवलं का हात लावून पाहा, कशी थंडगार. थंडगार होती, ते मी नाही म्हणत नाही.

श्रावणात आपण चिखलदऱ्याले गेलो. तेवढंच एक जाणं झालं. धामणगाव गढीपासून वर धुकं लागलं, अन् तुमी गाडी अशी हळू चालवली का मागचा ट्रकवाला खाली उतरून पाहाले आला, गाडी बंद पडली का म्हणून. एका वळणावर डाव्या अंगानं कठड्याले घासली. मी ओरडली तर तुमी म्हटलं, धुकं आहे. धुकं होतंच. तिथं देवी पॉइंटजवळ रस्त्याच्या कडेले आपण मुक्काम केला, मी शेगडीवर पिठलं केलं, तुमी दार उघडं टाकून पाय खाली सोडून बसले होते. मले वाटलं, बरं वाटून राहिलं असन माणसाले, थांबाचं होतं ना, थांबला. पाऊस चालू होता. छताले भोक पाडून तुमी बसवलेल्या पंख्याच्या कडेनं पाणी भिंतीत उतरून राहिलं होतं, ते तेव्हा ना तुमाले दिसलं ना मले.

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी मी गाडी झाडून काढाले गेली, तर खिडकीखालच्या फटीतून हिरवं काही बाहेर आलं होतं. मले वाटलं शेवाळ. जवळून पाहते तर दोन दोन पानांची पऱ्हाटी, कापसाचीच रोपं. एक नाही, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगेनं, जशी सरत्यानं पेरली. निळ्या भिंतीतून हिरवी पऱ्हाटी. मी हाक मारली तशी पार्बताबाई आली, तिच्या मागं मनकर्णाबाई आली, अन् मंग निरं गाव. पार्बताबाई म्हणे, ललिते, एवढी उगवण तर आमच्या वावरात नाही, चिमूटभर युरिया टाक. कोणी म्हणे पीक विमा काढा. देवमन म्हणे, बी माझं, अर्धा वाटा माझा. कोण्या पोट्ट्यानं व्हिडिओ काढला अन् तो मोर्शीपर्यंत गेला. हसाचीच गोष्ट होती. एरवी तुमीच पहिले हसले असते. पण तुमी गाडीजवळ उभे राहिले, फटीवरून बोटं फिरवली, अन् म्हटलं, इथं तर मी सिलिकॉन भरलं होतं.

त्याच्यावर मी म्हटलं, "एवढी बोटभर फट अन् दिसली नाही? डोळे फुटले का तुमचे?"

आता यात काय झालं? मी हे रोज म्हणते. तराजूवर फुलं सांडणाऱ्याले म्हणते, मधात सायकल घालणाऱ्याले म्हणते, गीतांजलीले तर जन्मापासून म्हणत आली. आजपर्यंत कोणी घर सोडलं नाही. तुमी तिथून गेले, जेवले नाही, पोळ्याले बैलाच्या पूजेलेही मागं मागं उभे राहिले, अन् दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन फाट्यावर. मी म्हटलं, जाऊ द्या, गाव हसलं त्याचं लागलं असन, चार दिवसांत येतील. गाव तर दुसऱ्याच आठोड्यात इसरलं. गावाले रोज नवीन काहीतरी लागते.

तुमी येत नाही म्हटल्यावर मी प्लाय काढलं. रागानंच काढलं, पहारीनं. आतला कापूस काळा पडला होता, आंबट वास, तो उकिरड्यावर टाकला. मंग मी फळ्या अंगणात ओळीनं मांडल्या, का कोणती परत कामाची आहे ते पाहावं. अन् मले काय दिसलं सांगू? प्रत्येक फळीचं उजवं टोक चोख. स्क्रू बरोबर भोकात, सिलिकॉन बरोबर सांध्यात, असं का सुताराले दाखवावं. अन् प्रत्येक फळीच्या डाव्या टोकाले स्क्रू भोकाच्या बाजूले, लाकूड चिरलेलं, अन् सिलिकॉन सांधा सोडून शेजारी कोरड्या पत्र्यावर रेघ ओढून दिली होती. एका फळीले नाही, सगळ्या फळ्यांले. मी तिथं बसून तुमाले ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिवत नाही. मले वाटलं, अर्धं काम नीट करते अन् अर्ध्यावर कंटाळते हा माणूस. देवमनसंग बसून पिऊन आला असन, असंही वाटलं. मी थर्माकोल आणलं, कापून बसवलं, नवीन प्लाय लावलं, डावी उजवी दोन्ही टोकं सारखी. पाहा म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईले जमते.

गाडी झाली, पण चालवाले माणूस नाही. तिच्या टपावर सीताफळाची पानं पडत होती अन् ते पाहून माझं डोकं आणखी फिरे. एक दिवस मी नागसेनभाऊंच्या घरी गेली. एस.टी.तून रिटायर झाले तसे ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांले नावं ठेवतात. मी म्हटलं, मले चालवणं शिकवा. ते म्हणे, बाई, तुमाले स्कूटी वळवता येत नाही, अंगणात चार फेऱ्या मारता. मी म्हटलं, तुमी पस्तीस वर्षं लोकांले खड्ड्यातून नेलं, मले एकटीले न्या. शिकवलं बापा त्यांनी. कोंडेश्वरच्या सपाट रस्त्यावर नेऊन शिकवलं. क्लच सोडतानी गाडी बकरीवाणी उडे अन् ते एस.टी.च्या सवयीनं मागं पाहत, प्रवासी पडले का म्हणून. परीक्षेत कॉम्प्युटरवर रस्त्याच्या पाट्या विचारतात. तिथं वाचाचं कमी अन् चित्रच जास्त, त्याच्यानं मी पास झाली. एक शिकलेला पोरगा माझ्या बाजूले नापास झाला, त्याचं मले वाईट वाटलं नाही.

पण लायसनसाठी डॉक्टरचा दाखला लागते, माझ्या वयात लागतेच. त्याच्यासाठी मी अमरावतीले डोळ्याच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं माझा डावा डोळा झाकला अन् म्हटलं वाचा. मंग उजवा झाकला. मंग विचारलं, घरात कोणाले काचबिंदू आहे का, आईले, वडलांले? मी म्हटलं, त्यांले नाही, सासू मात्र शेवटी आंधळी झाली, पण ती म्हातारपणानं. त्या म्हणे, म्हातारपणानं कोणी आंधळं होत नाही, कशानं तरी होते. त्यांनी सांगतलं का हा दुखत नाही, लाल होत नाही, बाजूबाजूनं दिसणं खात जाते, अन् आईले असला तर लेकाले तपासाच लागते. मी दाखला घेऊन बाहेर आली, एस.टी.त बसली, अन् माझ्या डोळ्यापुढं तुमची आई आली. ती नेहमी दाराच्या एकाच चौकटीले धडकायची. आमी सुना हसत होतो. तुमी हसत नव्हते, तुमी तिले हात धरून आणत होते.

घरी आली तशी मी सरळ गाडीत गेली. पदर डाव्या डोळ्यावरून घेऊन बांधला, एक जुनी फळी भिंतीले धरली अन् डाव्या टोकाले स्क्रू लावाले गेली. पहिला बाजूले गेला. दुसरा बाजूले गेला. सिलिकॉनची रेघ ओढली तर ती सांध्याच्या शेजारी, जशी तुमची होती तशी. डावीकडचं नाकाच्या आड जाऊन राहिलं अन् भोकाचा अंदाजच येत नाही. मी पदर सोडला. मंग एकेक आठवाले लागलं. तुमी चहा कपाच्या बाहेर ओतत होते अन् मी म्हणत होती लक्ष कुठी आहे. डाव्या हाताचा अंगठा सारा उन्हाळा काळानिळा होता. मोबाइल पाहणं सोडलं, तर मले वाटलं शहाणपण आलं. घाटात गाडी घासली ती डाव्या अंगानं. अन् त्या वळणाच्या पुढं डावीकडं दरी होती, गीताचे बाबा. मी तुमच्या डाव्या हाताले बसली होती.

तुमाले माहीत होतं. मले याचाच संताप आहे, कापसाचा नाही. तुमी आईचं सारं पाहिलं होतं, तुमाले पहिल्या दिवशी समजलं असन. म्हणून ती गाडी घेतली का? दिसते तोपर्यंत थांबून घ्यावं म्हणून? अन् मले सांगाचं सोडून तुमी स्टेअरिंगवर बसले, मले शेजारी घेऊन, धुक्यात. अन् मंग मी एक शब्द बोलली, तर तो धरून अकोल्याले पळाले, का आता बायको रागात आहे, आता कोणी चालव म्हणणार नाही, आता कोणाले काही सांगाचं काम नाही. माणूस रुसला म्हणून चालते, पण त्याले दिसत नाही हे चालत नाही, असं तुमाले वाटलं. मी तुमची बायको का फाट्यावरची प्रवासी? माझ्यापासून लपवलं? तुमच्या आईचा हात तुमी धरत होते, तुमचा धराले कोण येणार होतं, रागिणी? अन् त्या डॉक्टरीणबाईले मी विचारलं होतं, गेलेलं परत येते का. त्या म्हणे, "गेलेलं येत नाही. आहे ते राखता येते, पण औषध लवकर सुरू करा लागते." लवकर. अन् तुमी तिथं पोळ्यापासून आराम करून राहिले.

आता कान देऊन वाचा, याच्यासाठीच हे पत्र लिवलं. मी कोणाले काही सांगतलं नाही. गावाले सांगतलं का मीच हाकललं त्यांले, कापसावरून. बाजारातल्या बायका मले तोंडावर वाईट म्हणून राहिल्या, म्हणू द्या, त्यांचं मी खात नाही. गीतांजलीलेही सांगतलं नाही, ते तुमी सांगान. किशोरभाऊजींले आज फोन करून म्हटलं का माझ्या डोळ्याले त्रास आहे, दवाखान्यात संग माणूस पायजे, म्हणून मी यांले न्याले येऊन राहिली. रागिणी म्हणे, अरे देवा, वहिनी, काळजी घ्या. तुमीही तसंच म्हणा, काळजीचं तोंड करा. पत्र काळ्या मार्करनं मोठ्या अक्षरात लिवलं आहे, म्हणजे कोणाच्या हाती वाचाले द्या लागू नये. लायसन हाती आलं आहे, सोमवारी मी गाडी घेऊन निघते. मूर्तिजापूरपर्यंत नागसेनभाऊ येतात, तिथं त्यांची लेक आहे, पुढं मी एकटी. मंगळवारी अमरावतीले तुमचा नंबर लावला आहे, त्याच डॉक्टरीणबाईकडं, तुमच्या नावानं. तिथून घरी जायाचं नाही. शेवंती पार्बताबाई तोडणार आहे. कौंडण्यपूरची यात्रा लागली आहे, नदीच्या काठाले गाडी लावू अन् तुमी म्हणान तितके दिवस थांबू, औषध तिथंही टाकता येते. आता एक काम तुमचं. किशोरभाऊजींची गल्ली निमुळती आहे अन् मले रिव्हर्स जमत नाही, नागसेनभाऊंनी हात टेकले. मी हॉर्न वाजवला का बाहेर या अन् मागं उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणा. तेवढ्याले एक डोळा पुरते.

तुमचीच, दुसऱ्या कोणाची होणार आता,
ललिता